गोधडीच्या पोटात कागद का नाही? किन्हीराजातील एका वाकळीवरून काही ऐतिहासिक नोंदी

१/
गेल्या हिवाळ्यात किन्हीराजाला आजीकडे असताना मी एक प्रयोग केला आणि तो फसला. कागदी साच्यांवर कापड टाचून षट्कोनी तुकड्यांची गोधडी शिवण्याची एक जुनी इंग्रजी पद्धत आहे. ती स्वतः करून पाहावी, असे वाटले होते. पंधरा दिवसांत एकोणीस षट्कोन झाले आणि काम सोडून दिले. मात्र त्या फसगतीतून एक प्रश्न हाती लागला. इंग्लंडमधील तीनशे वर्षांपूर्वीच्या पांघरुणाचे साल सांगता येते. मग आपल्याच घरातील साठ वर्षांच्या वाकळीचे साल सांगताना आपण का अडखळतो? हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे.

२/
आधी स्थळ. किन्हीराजा हे वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातले गाव. (यंत्रमागांचे मालेगाव नाशिक जिल्ह्यातले, हे वऱ्हाडातले.) वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. इंग्रजी अमलात 'बासीम' हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडण्यात आला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. राजधान्या, तह, जिल्ह्यांच्या सीमा यांच्या तारखा अशा चटकन सापडतात. त्याच प्रदेशातील घराघरांत रोज अंगावर घेतल्या गेलेल्या वस्तूची तारीख मात्र कोणत्याही दप्तरात नाही.

३/
आता ती इंग्रजी पद्धत. जाड कागदाचे हुबेहूब एकसारखे षट्कोन कापायचे. प्रत्येकापेक्षा चहूबाजूंनी सुमारे पाव इंच मोठा कापडाचा तुकडा घ्यायचा. ही जादा कड, म्हणजे शिवणाऱ्यांच्या भाषेतील 'माया', कागदाच्या मागे दुमडून कच्च्या टाक्यांनी टाचायची. मग असे दोन षट्कोन समोरासमोर धरून त्यांच्या कडा बारीक टाक्यांनी जोडायच्या. सर्व बाजूंनी शेजारी जोडले गेले की कच्चे टाके उसवून कागद काढून घ्यायचा. कागदाचे काम एवढेच, की कापडाला ताणू न देता आकार धरून ठेवणे.

४/
ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात पहिल्या दिवसापासून अडचणी सुरू झाल्या. मी साच्यांसाठी अभ्यासाच्या जुन्या झेरॉक्स प्रती वापरल्या. तो कागद पातळ; दोन-तीनदा हाताळताच त्याचे कोपरे मऊ पडले. सुई कापडाबरोबर कागदालाही टोचू लागली आणि पुढे कागद ओढून काढताना टाकेच सैल झाले. कोपऱ्यावर मायेच्या घड्या एकमेकींवर येऊन गाठीसारखा जाडपणा आला. एका जागी कापड तिरकस धाग्यावर कापले गेले होते, ते साचा काढताच वाकडे झाले. एक तुकडा तर उलट्या बाजूने टाचला गेला आणि ते शेजारचे चार जोडल्यानंतर लक्षात आले.

५/
सर्वांत मोठी अडचण गणिताची होती. मधला एक षट्कोन, भोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, मिळून एकोणीस. पहिले कडे नीट बसले. दुसरे कडे शेवटच्या तुकड्याशी येऊन मिळेना. बोटभर फट राहिली. प्रत्येक तुकड्यात झालेली जेमतेम एक मिलिमीटरची चूक पुढच्या तुकड्याकडे सरकत गेली होती आणि शेवटी सगळी एकाच ठिकाणी उघडी पडली. अशा वेळी फट ओढून शिवली तर मधला भाग फुगतो, न शिवावी तर आकृती अपुरी राहते. उसवण्यावाचून उपाय नसतो. मी दोनदा उसवले, तिसऱ्यांदा उसवण्याचे धैर्य झाले नाही.

६/
आजी हे सगळे ओसरीवरून पाहत होती. अखेर तिने विचारले, "कागद कायले पाह्यजे वं? धुतल्यावर त्याचा लगदा नाई होईन का?" मी सांगितले, की कागद नंतर काढून टाकतात. त्यावर ती म्हणाली, "काढाचाच हाय त् घालता कायले?" हा प्रश्न मला तेव्हा केवळ गमतीचा वाटला. नंतर लक्षात आले, की दोन्ही पद्धतींतील मूळ भेद त्यातच आहे.

७/
इंग्रजी पद्धतीत तुकडे आधी एकमेकांना जोडून वरचा पदर तयार होतो. अस्तर आणि भरण नंतर येते. आजीची वाकळ याच्या उलट चालते. खाली जुने लुगडे पसरायचे, त्यावर विरलेल्या कापडांचे थर अंथरायचे आणि मग वर तुकडे मांडून सगळ्या थरांतून एकच धावदोरा काढायचा. ओळींमागून ओळी काठाकडून मध्याकडे येत जातात. तुकडा शेजारच्यावर अर्धा बोट चढला तरी बिघडत नाही. उलट तेथे ऊब वाढते. येथे आकार धरून ठेवण्याचे काम खालचा थरच करतो. त्यामुळे साचा लागत नाही, आणि एका तुकड्याची चूक पुढच्या तुकड्यावर लादली जात नाही.

८/
मग इतिहासाला त्या कागदाचा काय उपयोग? तर पुष्कळ. पूर्वी कागद महाग होता. साच्यांसाठी कोरा कागद कोण वापरणार? घरातील जुनी पत्रे, दुकानाची बिले, हिशेबाच्या वह्या, मुलांचे कित्ते, वर्तमानपत्रे हेच कापले जाई. ज्या पांघरुणांतून हे कागद काढले गेले नाहीत, त्यांच्या पाठीमागे आजही हस्ताक्षरे, आकडे आणि कधी कधी तारखाही वाचता येतात. शिवणारीचे नाव कोठेही नसले तरी तिच्या घरात कोणते कागद येत होते, हे समजते. अभ्यासक अशा पांघरुणाची पाठ आधी पाहतात, पुढची बाजू नंतर.

९/
याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ब्रिटनच्या क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहातील रेशमी तुकड्यांचे पांघरूण. त्यावर '१७१८' हे साल आणि 'ई. एच.' ही आद्याक्षरे आहेत, आणि ते कागदी साच्यांवर शिवलेले आहे. त्याहून थोडे आधीचे, सुमारे १७०८ चे मानले जाणारे लेव्हन्स हॉल येथील पांघरूण तर भारतीय छिटांच्या तुकड्यांचे आहे. त्या काळी भारतीय छिटांनी इंग्रजी विणकरांना इतके बेजार केले होते, की १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड अंगावर घालण्यास आणि घरात वापरण्यासही बंदी झाली. म्हणजे इंग्लंडच्या तुकडेकामाच्या आरंभी आपले कापड हजर आहे.

१०/
येथे एक मेख आहे. जे पांघरूण रोज वापरायचे, धुवायचे, त्यातील कागद काढावाच लागतो. म्हणून कागद शिल्लक राहिले ते मुख्यतः दोन प्रकारांत: शोभेसाठी जपलेल्या कामांत आणि अर्धवट सोडून दिलेल्या कामांत. कंटाळून, आजारी पडून किंवा दुसऱ्या कामाला जुंपली गेल्यामुळे जिने गोधडी तशीच पेटीत टाकली, तिचे कागद वाचले. जिने ती पुरी करून मुलांच्या अंगावर घातली, तिचे कागद चुलीत गेले. इतिहासाच्या साधनांत अपुऱ्या कामांचे प्रमाण असे नकळत वाढते. साधने वाचताना हे सतत ध्यानात ठेवावे लागते.

११/
वाकळीचे तर सारे आयुष्यच वापरण्यात जाते. नवरात्रापूर्वी घरातील झाडून सारी अंथरुणे-पांघरुणे नदीवर किंवा विहिरीवर नेऊन बडवून धुण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. त्या धोपटण्यापुढे कागद एक वर्षही टिकला नसता. विरलेली वाकळ फेकली जात नाही. नव्या वाकळीच्या पोटात भरण म्हणून जाते. तिच्याही चिंध्या झाल्या की त्यांचे पोतेरे होते, आणि त्या पोतेऱ्याची शेवटी माती होते. वस्तू पुरेपूर वापरली गेली, म्हणून ती संग्रहालयापर्यंत पोहोचली नाही.

१२/
चिंध्या जोडून वस्त्र करण्याची परंपरा आपल्याकडे मोठी जुनी आहे. संस्कृतातील 'कंथा' म्हणजे ठिगळांचे वस्त्र. बौद्ध विनयपिटकातील महावग्गात एक सुंदर प्रसंग आहे: मगधातील बांधांनी आखलेली शेते पाहून बुद्धांनी आनंदाला विचारले, की भिक्षूंची चीवरे अशी करता येतील का? आनंदाने तुकडे जोडून तशी चीवरे सिद्ध केली. भिक्षूंच्या चीवरातील चौकटींची मांडणी त्या शेतांवरून आली, असे परंपरा मानते. म्हणजे तुकडेकामाच्या आकृतीमागील विचार दोन हजार वर्षांहून अधिक काळ ग्रंथात जपला गेला आहे.

१३/
वऱ्हाडातील उदाहरण घ्यायचे तर गाडगेबाबांचे. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर अंगावर चिंध्यांचे वस्त्र घालीत, म्हणून लोक त्यांना 'गोधडेबुवा', 'चिंधेबुवा' म्हणत. त्या चिंध्यांची नोंद प्रत्येक चरित्रात आहे आणि ती योग्यच आहे. पण पाहा: भिक्षूची कंथा ग्रंथात आली, संताची गोधडी चरित्रात आली. ज्या बाया दर पावसाळ्यानंतर घरातील दहा माणसांसाठी तेच काम करीत होत्या, त्यांच्या हातच्या गोधडीला वैराग्याचा अर्थ नव्हता, केवळ थंडीचा होता. तिची नोंद कोणी केली नाही.

१४/
कापडाच्या तुकड्यांची नोंद मात्र सरकारने एकदा फार काळजीपूर्वक केली होती. लंडनच्या इंडिया ऑफिसमधील जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ मध्ये भारतीय कापडांचे ७०० नमुने कापून १८ खंडांत चिकटवले. असे २० संच तयार झाले; त्यातील १३ ब्रिटनमध्ये ठेवले गेले आणि ७ भारतात आले. नमुन्यासोबत त्याची लांबी-रुंदी, वजन, ठिकाण अशी माहिती होती. हेतू उघड होता: भारतीय माणूस काय नेसतो हे पाहून तेथील गिरण्यांनी तसेच कापड विणावे. येथे प्रत्येक तुकड्याला कागद जोडलेला आहे, कारण त्याला बाजार होता.

१५/
याच वर्षांत वऱ्हाड बदलत होते. १८५३ च्या तहाने निजामाचा हा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तेथील कापूस अडला आणि लँकेशायरची नजर येथील काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. कापसाचे गठ्ठे बाहेर जाऊ लागले आणि विलायती कापड आत येऊ लागले. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस पिकवणाऱ्या घरात आता अंगावरचे कापड विकतचे येऊ लागले, आणि ते विरले की वाकळीत जाऊ लागले.

१६/
येथून वाकळ स्वतःच दस्तऐवज होते. फक्त तो कापडात वाचावा लागतो. काही खुणा सांगते. आपल्याकडे लाल रंग पूर्वी आलाच्या मुळांपासून काढीत. कृत्रिम ॲलिझरिनचा शोध १८६८ चा. कृत्रिम नीळ बाजारात आली १८९७ मध्ये. डोळ्यांनी हे रंग ओळखणे कठीण, त्याला प्रयोगशाळा लागते. पण गिरणीचा शिक्का, काठाची वीण, यंत्रावरची शिवण आणि हातची शिवण यांतील फरक घरीही पाहता येतो. आणखी एक सोपी खूण म्हणजे पॉलिएस्टर. त्याचा शोध १९४१ चा. सुटा झालेला एखादा धागा जाळून पाहिला तर सुताची राख होते, पॉलिएस्टरची वितळून कडक गोळी होते.

१७/
ही खूण वापरताना एक नियम विसरू नये. तुकड्याचे साल म्हणजे गोधडीचे साल नव्हे. १९४० चे लुगडे १९६० च्या वाकळीत सहज असू शकते. उलट १९६० च्या थरात १९८० चे कापड असू शकत नाही. म्हणजे सर्वांत नवा तुकडा आपल्याला एवढेच सांगतो, की तो थर 'याआधीचा नाही'. उत्खननात थरातील सर्वांत उशिराच्या नाण्यावरून थराची पूर्वमर्यादा ठरवतात, तोच हा न्याय. इंग्रजी पांघरुणातील कागदालाही तो लागू आहे: १७९० चे पत्र १८२० मध्येही साचा म्हणून कापले जाऊ शकते.

१८/
आमच्याच घरातील उदाहरण. आजी सांगे, की ही वाकळ माझ्या वडिलांच्या जन्माआधीची, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाच्याही पूर्वीची. पण वरच्या थरात एक करडा तुकडा आहे. त्याचा धागा जाळला तर गोळी झाली. कापड टेरिकॉटचे. आजीची आठवण चुकली, असे मी मनाशी ठरवून टाकले. तिला तुकडा दाखवल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, की हा तुझ्या आत्याच्या लग्नात शिवलेल्या पँटीतला. त्या साली वाकळीला नवी खोळ घातली. मग फाटका कोपरा बोटाने उचलून तिने आतले कापड दाखवले. "हे पाह्य, थे जुनी खालीच हाय. अन् तिच्या पोटात माह्या सासूची वाकय हाय."

१९/
आठवण चुकली नव्हती. मी फक्त वरचा थर पाहिला होता. एका पांघरुणात तीन पिढ्यांचे काम निघाले: सर्वांत आत पणजीची वाकळ, तिच्यावर आजीची, त्यावर आत्याच्या लग्नानंतरची खोळ. आजीने बसल्या जागी तेवीस तुकड्यांची माहिती सांगितली. हे कोणाचे लुगडे, हे कोणाचे धोतर, ही कोणत्या बाळंतपणातली झबली. इंग्रजी पांघरुणात जे काम कागद करतो, ते येथे तिची स्मृती करीत होती. आणि तिचे वय ब्याऐंशी आहे.

२०/
नव्या वाकळी आता फारशा शिवल्या जात नाहीत. कारणे साधी आहेत. पॉलिएस्टरची साडी विरत नाही, मऊ पडत नाही, घाम शोषत नाही. तिची वाकळ अंगाला गार लागते. जुने कपडे भांड्यांच्या बदल्यात जातात. आमच्या भागात कापसाची पुष्कळशी जागा सोयाबीनने घेतली. बाजारात स्वस्त ब्लँकेट मिळते आणि त्यातील बरेचसे पानिपतचे असते, जेथे जगभरातील टाकाऊ लोकरी कपडे पिंजून पुन्हा धागा काढतात. चिंध्यांपासून ऊब काढणे थांबलेले नाही. मात्र त्या चिंध्या कोणाच्या, हे आता पांघरणाऱ्याला ठाऊक नसते.

२१/
या हिवाळ्यापूर्वी आजीने वाकळीला पुन्हा नवी खोळ घालायचे ठरवले. माझे म्हणणे होते, की ती तशीच जपून ठेवावी. खोळ घातली तर तीनही थर झाकले जातील. ती म्हणाली, की पेटीत ठेवलेली वाकळ उंदरांची. दोघींचेही बरोबर होते आणि आमचा दोन दिवस अबोला झाला. अखेर तोडगा असा निघाला: आधी प्रत्येक तुकड्याचे छायाचित्र घेतले, वहीत आकृती काढून तुकड्यांना क्रमांक दिले आणि आजीने सांगितलेले शब्द तिच्याच बोलीत उतरवून घेतले. मग सुती पट्टीवर धाग्याने तिचे नाव, पणजीचे नाव, गाव आणि साल भरले व ती पट्टी आतल्या कोपऱ्यात शिवून टाकली. नवी खोळ आजीने घातली. टाके तिचे, दोरा ओवून देण्याचे काम माझे.

२२/
वाचकहो, तुमच्या घरातही माळ्यावर किंवा दिवाणात एखादी गोधडी असेल. उसवू नका, धुवायला टाकू नका. जिने ती शिवली किंवा शिवताना पाहिली, तिच्याजवळ बसून एवढेच विचारा: ही कोणी शिवली? कोणत्या साली, किंवा कोणत्या प्रसंगाच्या आगेमागे? आत काय भरले आहे? कोणता तुकडा कोणाच्या कपड्याचा? खोळ किती वेळा बदलली? उत्तरे तिच्या शब्दांत लिहा, तारीख घाला, छायाचित्रासोबत ठेवा. जमल्यास या धाग्याखाली गावाचे नाव आणि तुमच्याकडचा शब्द लिहा: गोधडी, वाकळ, की आणखी काही. माझे एकोणीस षट्कोन अजून पेटीतच आहेत, कागदांसकट.